८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर कुबरनेटिस (प्रोग्रामच्या प्रती चालवणारी, सांभाळणारी यंत्रणा) डॅशबोर्डसकट कसं बसवायचं? टोकन मागतोय, पुढे जाता येत नाही.

टोकनवर, म्हणजे डॅशबोर्डमध्ये शिरायच्या परवलीवर, अडलायत म्हणजे बहुतेक जुना व्हिडिओ बघून करताय. पूर्वी सर्व्हिस अकाउंट (कुबरनेटिसमधलं प्रोग्रामसाठीचं खातं) तयार केलं की टोकनचं सीक्रेट, म्हणजे ते साठवलेली नोंद, आपोआप तयार व्हायचं. २०२२ च्या १.२४ आवृत्तीपासून ते बंद झालं. आता ‘क्यूबकंट्रोल क्रिएट टोकन’ (kubectl create token) करून ते मागून घ्यावं लागतं, आणि तेही साधारण तासाभरात संपतं.

शिकण्यापुरतं हवं असेल तर ही भानगडच नको. डॉकर (इमेज बांधायचं, चालवायचं सॉफ्टवेअर) असेलच, त्यावर मिनीक्यूब टाका, म्हणजे एकाच लॅपटॉपवर चालणारं छोटं कुबरनेटिस. त्याला २ सीपीयू, २ जीबी मोकळी रॅम आणि २० जीबी डिस्क पुरते. तुमच्या ८ जीबीत क्लस्टरला, म्हणजे मिनीक्यूबने उभ्या केलेल्या कुबरनेटिसला, ४ द्या, त्याहून जास्त दिलीत तर ब्राउझर रडायला लागेल. ‘मिनीक्यूब स्टार्ट’, मग ‘मिनीक्यूब डॅशबोर्ड’. ब्राउझर आपोआप उघडतो, टोकन विचारत नाही. विचारत नाही कारण तिथे डॅशबोर्डला सगळे अधिकार आधीच दिलेले असतात. म्हणून तो स्वतःच्या मशिनपुरताच ठेवा, ऑफिसच्या वायफायवर उघडा करू नका.

पुढची ठेच कुठे लागेल तेही सांगतो. मी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. त्याची इमेज (चालवायला तयार असं पॅकेज) घरीच बांधली, डिप्लॉय केली, तर डॅशबोर्डवर पॉड (क्लस्टरमधली चालती प्रत) लाल: ‘इमेजपुलबॅकऑफ’, म्हणजे इमेज आणता येत नाही. इकडे ‘डॉकर इमेजेस’ म्हटलं की इमेज डोळ्यांसमोर! दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. मिनीक्यूबच्या पोटात इमेजेसचं कोठार वेगळं असतं, लॅपटॉपवरचं त्याला दिसत नाही. ‘मिनीक्यूब इमेज लोड’ने इमेज आत ढकलली. तरी लालच. कारण मी टॅग (इमेजच्या आवृत्तीचं नाव) ‘लेटेस्ट’ ठेवला होता, आणि तो असला की कुबरनेटिस दर वेळी बाहेरच्या रजिस्ट्रीतच, म्हणजे इंटरनेटवरच्या इमेजेसच्या कोठारातच, शोधायला जातं. ‘१.०’ असा टॅग दिला आणि पॉड हिरवा झाला.

मग डॅशबोर्डवरून एक पॉड मुद्दाम डिलीट करून बघा. तीन रेप्लिका (एकाच पॉडच्या प्रती) सांगितल्या असतील तर लगेच तिसरा उभा राहतो. आमच्या यार्डातल्या मुकादमासारखंच: तीन हमाल ठरलेत ना, एक घरी गेला की तो दुसरा आणून उभा करतो. कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

काम झालं की ‘स्टॉप’ करा, ‘डिलीट’ नव्हे. डिलीटने लोड केलेल्या इमेजेससकट क्लस्टर जातो. मी एकदा घाईत तेच केलं होतं.