पहिली अंतराळ-चित्रकादंबरी काढताना

आफ्रिकी पार्श्वभूमीवरची अंतराळकथा दहा-बारा वर्षांच्या मुलांना चित्रांतून सांगण्याचा तुमचा बेत उत्तम आहे. मात्र आरंभी अख्खा खंड बाजूला ठेवून त्यातला एकच प्रदेश निवडा. पूर्व आफ्रिकेतल्या मसाई लोकांच्या मण्यांच्या माळा, दक्षिणेकडच्या झुलू लोकांच्या ढाली आणि इजिप्तचे पिरॅमिड एकाच ग्रहावर गोळा करणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. दक्षिण आफ्रिकेतील कारूचा रखरखीत प्रदेश घेतलात, तर 2018 साली सुरू झालेल्या मीरकॅट रेडिओ दुर्बिणीच्या आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या 64 तबकड्या आयत्या मिळतात, आणि एका मुलीने शेकोटीतली राख आभाळात उधळली व तिची आकाशगंगा झाली, ही तिथल्या ‘सान’ नावाच्या आदिवासी लोकांची जुनी कथाही मिळते. एवढ्या सामग्रीवर पुस्तक सहज उभे राहील.

यानाची यंत्रणा आणि ग्रहांचा इतिहास सध्या राहू द्या. पहिल्याच पानावर नायिकेला अडचणीत टाका. पानावर चार ते सहा चौकटी पुरेत. संवादाच्या फुग्यांची जागा चित्राआधीच आखा, नाहीतर ते चेहऱ्यांवर चढतात. रंगांच्या नादी लागण्यापूर्वी आठ पानांचा पेन्सिलीतला कच्चा खर्डा एखाद्या मुलाच्या हाती द्या आणि तो कुठे अडखळतो, हे मध्ये न बोलता पाहा.