दशक, सुटे आणि कपाटभर खेळणी : वाचकांचे प्रश्न

शैक्षणिक साहित्य आणि खेळणी यांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचा मुलगा चार वर्षांचा आहे. बौद्धिक विकासासाठी म्हणून घेतलेल्या खेळण्यांनी एक कपाट भरले आहे. पण कोणत्याही खेळण्यात तो पाच मिनिटांपेक्षा जास्त रमत नाही. आमची निवड चुकते आहे, की त्याला एकाग्रतेची काही अडचण आहे? (एक पालक, पिंपरी)

एकाग्रतेची काळजी करण्याआधी ती खेळणी एकदा नीट पाहावीत. बटण दाबताच जे खेळणे स्वतःच गाणे म्हणते, दिवे लावते आणि आकडे मोजून दाखवते, त्याच्यापुढे मुलाला करण्यासारखे काही उरतच नाही. बटण दाबल्यावर काय होते हे कळले की कुतूहल संपते, आणि त्यासाठी पाच मिनिटे पुरेशी असतात. यात मुलाचा दोष नाही. याउलट साधे लाकडी ठोकळे, मळलेली कणीक किंवा माती, वाळू आणि पाणी, जुन्या साड्यांचे तुकडे, भातुकली यांतली प्रत्येक वस्तू मुलाने काही केल्याशिवाय निमूट पडून राहते आणि म्हणूनच रोज नवी होते.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या साहित्यात दट्ट्यांची एक पेटी असते : लाकडी पट्टीत लहानमोठ्या आकाराची भोके आणि प्रत्येक भोकात नेमका बसणारा एकच दट्ट्या. दट्ट्या चुकीच्या भोकात घातला तर शेवटी एक दट्ट्या उरतो किंवा बसतच नाही. आपले कुठेतरी चुकले हे मुलाला मोठ्यांनी न सांगता कळते आणि ते स्वतःच पुन्हा मांडामांड करते. ही पेटी विकत आणलीच पाहिजे असे नाही. स्वयंपाकघरातील निरनिराळ्या आकारांच्या आठ-दहा बरण्या व डब्या, त्यांची झाकणे वेगळी करून, मुलापुढे ठेवाव्यात. झाकण लागते किंवा लागत नाही, आणि फिरवण्यासाठी मनगट वापरावे लागते, हे त्यातले शिक्षण आहे.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात बिया, शंख-शिंपले, पाने, खडे असे परिसरात फुकट मिळणारे साहित्य बालशिक्षणात आणले. महागड्या साहित्याला पर्याय शोधताना त्यांनी साहित्यामागचे तत्त्व सोडले नाही, म्हणून ते काम आजही मला मोलाचे वाटते.

आपण दोन गोष्टी करून पाहाव्यात. कपाटातली सहा-सात खेळणी मुलाच्या हाताला येतील अशा उघड्या फळीवर मांडून बाकीची माळ्यावर ठेवावीत आणि दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल करावी. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे : मूल खेळत असताना “हा कोणता रंग?”, “हे किती झाले?” असे प्रश्न विचारू नयेत. खेळाची परीक्षा झाली की मूल तिथून उठते, आणि आपण त्याला एकाग्रतेचा अभाव म्हणतो. जवळ बसावे, पाहावे, आणि त्याने काही दाखवले तर मनापासून बोलावे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली आणि दुसरीला एकत्र शिकवते. मुले शंभरपर्यंतचे आकडे घडाघडा म्हणतात. पण “त्रेपन्न लिहा” म्हटले की बरीच मुले ३५ लिहितात आणि “एकोणतीस” म्हटले की ३९. खर्चाला वाव नाही. कोणते साहित्य वापरावे? (एक शिक्षिका, पाटण, जि. सातारा)

आपल्या मुलांची चूक अत्यंत तर्कशुद्ध आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. “त्रेपन्न” ऐकताना तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी लिहायचे असतात. जे मूल ऐकले त्या क्रमाने लिहिते ते ३५ लिहिणारच. “एकोणतीस”मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात वीस व नऊ. शेजारच्या कन्नडमध्ये दशक आधी उच्चारला जातो, त्यामुळे तिथल्या मुलांना ही अडचण एवढी भेडसावत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात “वीस एक”, “साठ दोन” अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला आणि गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांना त्यामागची भूमिका वारंवार समजावून सांगावी लागली. माझे स्पष्ट मत असे आहे की दोन्ही वाचने वर्गात असावीत. “पन्नास आणि तीन” ही समजेची पायरी आहे आणि “त्रेपन्न” ही आपली भाषा आहे. पहिलीमुळे दुसरी पक्की होते.

साहित्य म्हणून खराट्याच्या हिरांचे सारख्या लांबीचे तुकडे आणि रबरबँड एवढ्यावर वर्षभराचे काम होऊ शकते. मात्र गठ्ठे आधीच बांधून मुलांना देऊ नयेत. प्रत्येक जोडीला पन्नास-साठ काड्यांचा ढीग द्यावा आणि त्या किती आहेत ते विचारावे. मुले एकेक करून मोजतील, मध्येच कोणी बोलले की विसरतील आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील. हे दोनदा-तीनदा झाले की “पुन्हा न मोजता मला कसे दाखवाल?” असे विचारावे. दहा-दहाचे गठ्ठे करण्याची गरज मुलांना स्वतःला वाटली पाहिजे, कारण दशक ही कल्पना त्या गरजेतूनच आली आहे.

एकदा पाच गठ्ठे आणि तीन सुटे समोर आले की संख्याकार्डे काढावीत. पुठ्ठ्याच्या लांब कार्डांवर १०, २०, ३० असे ९० पर्यंतचे दशक लिहावेत आणि निम्म्या लांबीच्या कार्डांवर १ ते ९. गठ्ठ्यांशेजारी ५०चे कार्ड आणि सुट्यांशेजारी ३चे कार्ड ठेवावे, आणि मग ३चे कार्ड उचलून ५०च्या शून्यावर ठेवावे : ५३ तयार होतात. कार्ड उचलले की शून्य पुन्हा दिसते. पाचाच्या आत पन्नास लपलेले आहेत हे फळ्यावर कितीही सांगितले तरी पटत नाही. कार्डाखालचे शून्य स्वतः उघडून पाहिल्यावर पटते. एकोणतीससाठी तीन गठ्ठे घेऊन त्यांतल्या एकाचा रबरबँड काढून एक काडी बाजूला करावी. दोन गठ्ठे आणि नऊ सुटे उरतात, आणि “तीसला एक कमी” हा अर्थ नावातूनच कळतो. ही युक्ती १९ पासून ८९ पर्यंत चालते. नव्याण्णव मात्र वेगळे आहे हे मुलांनाच शोधू द्यावे.

वजाबाकीतला हातचाही याच काड्यांत सापडतो. ४२ मधून १७ द्यायचे आहेत. हातात चार गठ्ठे आणि दोन सुटे आहेत. सात सुटे देता येत नाहीत, म्हणून मूल एक गठ्ठा सोडते, बारा सुटे होतात, त्यांतले सात देते, पाच उरतात. मग उरलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक देते आणि पंचवीस शिल्लक राहतात. हे हाताने अनेकदा झाल्यावरच वहीत ४ खोडून ३ लिहावेत. खेळण्यातल्या नोटा त्यानंतर आणाव्यात, आधी नाही, कारण दहाची नोट रुपयाच्या नाण्याच्या दहापट मोठी नसते. काड्यांचा गठ्ठा मात्र खरोखरच दहा काड्यांचा असतो आणि तो सोडून पाहता येतो.

गणितमाळ करता आली तर अवश्य करावी. शंभर मणी, दहा लाल आणि दहा पांढरे अशा क्रमाने, जाड दोऱ्यात ओवून मुलांच्या उंचीवर भिंतीला ताणून बांधावेत. मणी सरकवता यावेत म्हणून वीतभर दोरा मोकळा सोडावा. “त्रेपन्न कुठे?” म्हटले की मूल दहा, वीस, तीस असे रंगाच्या पट्ट्यांवरून हात फिरवत पन्नासपर्यंत जाते, पुढचे तीन मणी मोजते आणि कपड्यांचा चिमटा लावते. चिमटा त्रेपन्नाव्या मण्यावर न लावता त्यानंतरच्या फटीत लावायला शिकवावे. डावीकडे असलेले सगळे मणी मिळून त्रेपन्न, हा अर्थ त्यामुळे टिकतो.

आपल्यापुढे दोन वर्ग एकाच वेळी असतात, म्हणून एका वर्गाला आपल्याविना चालणारा खेळ हवा. चार चिंचोक्यांची अर्धुके फाशासारखी टाकावीत. जितक्या पांढऱ्या बाजू वर येतील तितक्या काड्या घ्याव्यात आणि एकही आली नाही तर आठ. दहा झाल्या की गठ्ठा बांधायचा. ज्याचे पाच गठ्ठे आधी होतील तो जिंकला. पुढच्या आठवड्यात पाच गठ्ठ्यांपासून सुरुवात करून काड्या परत देण्याचा खेळ घ्यावा. आपल्या शाळेत ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी २०२३ साली आलेला “जादुई पिटारा” हा खेळ-साहित्याचा संच पोहोचला असेल, तर तोही कुलपात न ठेवता मुलांच्या हाती द्यावा. हरवलेला ठोकळा परवडतो.

प्रश्न : सहावीच्या मुलांना विज्ञानाचे प्रकल्प करायला सांगितले की पालक दुकानातून तयार प्रतिकृती आणतात. स्वस्तात, मुलांनी स्वतः करावे असे काही सुचवाल का? (एक शिक्षक, परभणी)

अरविंद गुप्ता यांचे काड्यापेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांचे काम आपल्याला ठाऊक असेल. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी ते जोडले गेले, पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून खेळणी केली, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यांचे गूल आधी खरवडून टाकावे. नळीचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करून त्यांच्या दोन्ही तोंडांत काड्या खुपसाव्यात आणि एक त्रिकोण व एक चौकोन करावा. चौकोन बोटाने दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. चौकोनाला कर्ण लावला की तोही ताठ उभा राहतो. यानंतर मुलांना एस.टी. स्थानकाच्या छपराच्या कैच्या आणि विजेचे मनोरे पाहून यायला सांगावे आणि त्यांत त्रिकोण कुठे कुठे आहेत त्यांचे चित्र काढायला लावावे. असा प्रकल्प पालकांना विकत आणता येत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सहा वर्षांची मुलगी घरी मराठी बोलते आणि इंग्रजी वाचते. “अ अननसाचा” हा तक्ता तिला पाठ आहे, पण मराठीतला एकही शब्द तिला वाचता येत नाही. (एक आई)

तक्ता काही महिने उतरवून ठेवावा. वर्णमालेचा क्रम उच्चारशास्त्राच्या दृष्टीने सुंदर आहे, परंतु वाचनाची सुरुवात त्या क्रमानेच करावी असे नाही. न, क, म, र ही चार अक्षरे आणि काना एवढे पहिल्या आठवड्यात घ्यावे. त्यांतून नाक, कान, काका, मामा, मका, मान, काम, राम, रान, कमान असे शब्द तयार होतात, आणि नाकाचे कान करताना मुलीला जी गंमत वाटेल ती तक्त्यात नाही. पुठ्ठ्याच्या चौकोनांवर अक्षरे लिहावीत. मात्रा, वेलांट्या, उकार हे मात्र पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यांवर काढून अक्षरावर ठेवावेत. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांना ऱ्हस्व वेलांटीचा घोळ होतो, कारण ती अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते; पारदर्शक तुकडा अक्षरावर चढवताना ती त्या अक्षराचीच आहे हे हाताला कळते.

पुढील वाचनासाठी बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात आणि प्रथम बुक्सच्या “स्टोरीवीव्हर”वर मराठीतील सचित्र गोष्टी वाचनपातळीनुसार मिळतात. गोष्ट छापून, शिवून, मुलीचे स्वतःचे पुस्तक करावे. बृहन्महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा जवळपास भरत असेल तर तिथे न्यावे, कारण मराठी वाचणारी दुसरी मुले तिला भेटणे फार महत्त्वाचे आहे.

प्रश्न : घरी सात वर्षांची नात आणि दीड वर्षाचा नातू एकाच खोलीत खेळतात. खेळण्यांच्या सुरक्षिततेबाबत काय पाहावे? (एक आजोबा, कोल्हापूर)

चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोची आय.एस.आय. खूण सक्तीची आहे. खरेदी करताना ती पाहावी. तीन वर्षांखालील मुलासाठी सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावणारी कोणतीही वस्तू धोक्याची मानली जाते, त्यामुळे मणी, चिंचोके, सागरगोटे हे नातीचे साहित्य झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवावे आणि तिने ते टेबलावरच वापरावे. सर्वाधिक काळजी बटणाच्या आकाराच्या चपट्या सेलची आणि छोट्या चुंबकांची घ्यावी. गाणाऱ्या खेळण्यांचे सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारेच असावे. असा सेल गिळला गेला तर दोन तासांच्या आतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. एकाहून अधिक चुंबके पोटात गेली तर ती आतड्यांच्या वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटून आतडे चिमटतात. नुसती शंका आली तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता, शौचावाटे पडेल म्हणून वाट न पाहता, मुलाला तडक रुग्णालयात न्यावे आणि तसाच दुसरा सेल किंवा त्याचे वेष्टन मिळाले तर डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत घ्यावे.