गिअरबॉक्स उतरवण्याआधी

प्रश्न : सहाचाकी ट्रक पहाटे द्राक्षं भरून निघतो. पहिले आठ-दहा किलोमीटर दुसरा गिअर हाताला जड लागतो. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना तर दांडा अडतोच, जोर केला की खर्रर्र. ओझरच्या पुढे गेलं की सगळं सुरळीत. दिवाळीत ऑइल बदललंय. मेकॅनिक म्हणतो, सिंक्रोच्या रिंगा गेल्या, बॉक्स उतरवा. काय करू? (वाचक, पिंपळगाव बसवंत)

उत्तर : बॉक्स राहू द्या जागेवर. सिंक्रोची रिंग म्हणजे गिअर पडण्याआधी शाफ्ट आणि गिअरचा वेग जुळवणारी रिंग. ती खरोखर झिजली असती तर गाडी तापल्यावरही, घाईत गिअर टाकताना, खर्रर्र झालंच असतं. आधी तीन गोष्टी बघा, तिन्ही पहाटे, गाडी थंड असतानाच.

पहिली : इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून बघा. एखादा गिअर दातावर दात येऊन अडला तर गाडी जराशी पुढे-मागे सरकवा, तो दोष नाही. पण दांडाच सगळीकडे जड फिरत असेल तर लिव्हरचा बुश, लिंकेजचे जॉइंट किंवा केबल बघा. तिथलं ग्रीस वाळलं असेल तर थंडीत ते मेणासारखं होतं.

दुसरी : इंजिन आयडलला, गाडी न्यूट्रलला. क्लच तळापर्यंत दाबा, मनात दहा मोजा आणि रिव्हर्स टाका. ऑइल घट्ट असलं तर आतला शाफ्ट उलट लवकर थांबतो, त्यामुळे दहा मोजूनही खर्रर्र झालं तर दोष ऑइलचा नाही, क्लच पूर्ण सुटत नाही. मग पेडल दोन-तीनदा भराभर मारून पुन्हा टाका. आता सहज पडला तर क्लचच्या फ्लुइडच्या लाइनमध्ये हवा आहे, किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडरचं (पेडलचा दाब फ्लुइडने क्लचपर्यंत नेणाऱ्या सिलिंडरचं) रबर गेलंय. थंडीत जुनं रबर कडक होतं आणि पहिल्या दाबाला फ्लुइड मागे सोडतं. किट बदलायचं, हवा काढायची. बॉक्सला हात लावायची गरज नाही.

तिसरी, आणि तुमच्या बाबतीत माझा संशय इथेच : दिवाळीत नेमकं कोणतं ऑइल भरलं? डब्याचा फोटो किंवा बिल शोधा. बऱ्याच गॅरेजमध्ये डिफरन्शियलसाठी आणलेलं जीएल-५ दर्जाचं, कधी चक्क १४० नंबरचं फार घट्ट ऑइल, त्याच फनेलने गिअरबॉक्समध्येही जातं. साधं ८०डब्ल्यू-९० ग्रेडचं ऑइल सुद्धा १०० अंशाला असतं त्याच्या साधारण दहापट घट्ट ४० अंशालाच असतं. निफाड तालुक्यातल्या ५-६ अंशांच्या पहाटे ते काय होत असेल, विचार करा. सिंक्रोची रिंग गिअरच्या कोनवरचं (निमुळत्या भागावरचं) ऑइल बाजूला सारून पकड घेते. ऑइल घट्ट असलं की ते सरायला वेळ लागतो. खालच्या गिअरवर येताना तर शाफ्टचा वेग वाढवायचा असतो आणि ऑइल तो मागे ओढतं, म्हणून दुसराच जास्त त्रास देतो. शिवाय जीएल-५ मधली गंधकाची द्रव्यं काही पितळी रिंगांना चालत नाहीत. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत जो ग्रेड छापलाय तोच भरा. त्यात जीएल-४ असेल तर जीएल-४ च. 'भारीतलं' म्हणून दुसरं नको.

ऑइल काढायचं ते १५-२० किलोमीटर चालवून, गरम असताना. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी लगदा असेल तर घाबरू नका, तो नेहमीचाच. बोटांनी चोळून बघा. पितळेची पिवळी चमक दिसली किंवा टोचणारा कपचा लागला, तर मेकॅनिकचं म्हणणं खरं धरा. ऑइल दुधट असेल तर पाणी शिरलंय. प्रेशरने गाडी धुताना ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवेच्या छिद्रातून) ते जातं. नवं ऑइल गाडी सपाट जागी लावून, बाजूच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरायचं.

रोज पहाटे तीन-चार मिनिटं न्यूट्रलला, क्लच *सोडून* आयडल ठेवा. क्लच दाबून ठेवलात तर आतला शाफ्ट थांबतो, ऑइल ढवळलंच जात नाही.

प्रश्न : दहाचाकी, नऊ गिअरची गाडी कांदा घेऊन उत्तरेला जाते. तिकडे पहाटे लोवरून हाय रेंज पडत नाही. इकडे आल्यावर नीट. (वाचक, लासलगाव)

उत्तर : तुमची रेंज, म्हणजे गिअरचा खालचा-वरचा गट, दाबाच्या हवेवर बदलते, म्हणून आधी हवेच्या काट्याकडे बघा. ७-८ बार भरल्याशिवाय गाडी हलवूच नका. मग हवेच्या टाकीच्या ड्रेन व्हॉल्व्हची कडी ओढा. नुसती हवा आली पाहिजे. पाण्याची चूळ आली तर एअर ड्रायरचं, म्हणजे हवेतलं पाणी शोषणारं, कार्ट्रिज संपलंय. शून्याखाली तेच पाणी बारीक पाइपात आणि व्हॉल्व्हमध्ये गोठतं, नाशिकला गोठत नाही, म्हणून इकडे दोष सापडत नाही. पाण्याबरोबर काळं तेल आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. ते आधी दुरुस्त करा, नाहीतर नवं कार्ट्रिजही लवकर वाया जाईल.

पाणी नसेल तर इंजिन बंद करून, हवा भरलेली ठेवून, रेंज व्हॉल्व्हजवळ कान लावा. सतत फुसफुस येत असेल तर रेंज सिलिंडरच्या पिस्टनचं सील सोडतंय. जॉइंटवर साबणाचं पाणी टाकलं की बाहेरची गळती लगेच फुगा धरते. आणि पाइपाखाली पेटता बोळा धरू नका. नायलॉनचा पाइप आधी वितळतो, बर्फ नंतर.

प्रश्न : सकाळी न्यूट्रलला घुंऽऽ आवाज, क्लच दाबला की बंद. (वाचक, आडगाव)

उत्तर : क्लच दाबल्यावर जो थांबतो तो आवाज बॉक्सच्या आतला, बहुतेक पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगचा. दाबल्यावर *सुरू* झाला असता तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. आधी ऑइलची पातळी बघा, कमी असली तरी असाच घुमतो. पातळी बरोबर आणि आवाज दिवसेंदिवस वाढतोय, तर मात्र बॉक्स उतरवाच. बेअरिंग फुटून दातात गेलं तर खर्च कितीतरी पट होतो.

प्रश्न : ऑइल पातळ करायला लिटरभर डिझेल घातलं तर? (वाचक, सिन्नर)

उत्तर : नको. पहाटे गिअर लोण्यासारखा पडेल, पण भरलेली गाडी कसारा घाट चढताना दातांमधला ऑइलचा थरच टिकणार नाही. घातलं असेल तर आजच सगळं ऑइल काढून टाका.