बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनचा पहिला प्रयोग करताना

बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (पुढे नुसतं ‘बीटा’) म्हणजे ग्लुकोजच्या सात कड्यांचं, मधे पोकळी असलेलं वलय. दुसरा एखादा रेणू, म्हणजे ‘पाहुणा’, त्या पोकळीत किती घट्ट बसतो ते इथे मोजायचं आहे. सुरुवातीला पाहुणा म्हणून साधं फिनाइलअॅलनिन हे अमिनो आम्ल घेऊ नका. त्याच्या दोन्ही टोकांच्या विद्युतभारांना पाणी सोडवत नाही, त्यामुळे पकड फारच ढिली मिळते. एन-अॅसेटिल-फिनाइलअॅलनिन घ्या. त्याचं बेंझिन वलय बीटाच्या साधारण ६ ते ६.५ अँगस्ट्रॉमच्या पोकळीत नीट बसतं. सहा कड्यांच्या अल्फाची पोकळी त्याला अरुंद, आठ कड्यांच्या गॅमाची सैल.

बहुतेक नवशिक्यांची चूक तराजूवरच होते. बाटलीतल्या बीटात १० ते १४ टक्के पाणी असतं. १० मिलिलिटरात २ मिलिमोलरसाठी २२.७ मिलिग्रॅम लागतं. १३ टक्के ओल असेल तर त्यातलं खरं बीटा २० मिलिग्रॅमही भरत नाही, आणि पुढचा बंधन-स्थिरांक (पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा) चुकतोच. आधी १०५ अंशांवर सुकवून घट मोजा.

मग जड पाण्यातल्या ७ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये बीटा २ मिलिमोलरवर कायम ठेवून पाहुणा रेणू ० ते २० मिलिमोलरपर्यंत वाढवत एनएमआर (रेणूतल्या प्रत्येक हायड्रोजनचा संकेत दाखवणारं मापन) घ्या. बीटाच्या पोकळीच्या आत असलेल्या एच-३ आणि एच-५ या हायड्रोजनांचे संकेत सरकायला हवेत, बाहेरच्या एच-१चा जवळपास जागेवर. तिन्ही सारखेच सरकले तर पीएच तपासा, पाहुण्याचं आम्ल उदासीन करायचं राहिलेलं असू शकतं.

आणखी दोन सापळे:
- डीएसएस (एनएमआरमध्ये शून्य ठरवण्यासाठी वापरायचा संदर्भ-पदार्थ) नमुन्यात घालू नका, ते स्वतःच पोकळीत शिरतं. बारीक नळीत वेगळं ठेवा.
- विरघळत नाही म्हणून इथेनॉल ओतू नका, तेही जागेसाठी भांडतं.

दाट द्रावण थंड केल्यावर साका बसला म्हणजे बीटा-पाहुण्याची जोडी जमली, असं समजून हुरळू नका. बीटा लिटरभर पाण्यात २५ अंशांना जेमतेम १८.५ ग्रॅम विरघळतं, तो नुसता बीटाच असू शकतो. पाहुण्याच्या डी आणि एल या आरशातल्या प्रतिरूपांमधला फरक, रोएसी (कोणते हायड्रोजन एकमेकांजवळ आहेत ते दाखवणारं एनएमआर) वगैरे नंतर पाहू.