पूरग्रस्तांच्या नावाने वर्गणी मागणाऱ्यांवर सोलापुरात विश्वास कसा ठेवायचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला आणि माढा, मोहोळकडची गावं पाण्यात गेली, तेव्हा लोकांनी हात आखडता घेतला नव्हता. शंका येते ती नंतर, हिशेब कुठेच दिसत नाही तेव्हा.

क्यूआर कोड स्कॅन केला की खातेदाराचं नाव येतं, ते आधी वाचा. बॅनरवर मंडळाचं नाव आणि खातं कुणा दादाचं, असं असेल तर सरळ विचारा, "पावती कुणाच्या नावाने देणार?" खरं काम करणारा चिडत नाही. नोंदणीकृत संस्था असेल तर पावतीवर नोंदणी क्रमांक असतो. धर्मादाय कार्यालयात त्याची खातरजमा होते. ८०जी ची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची रक्कम रोख देऊ नका. मुख्यमंत्री सहायता निधी हा सुरक्षित रस्ता आहेच, पण तिथे आपला पैसा नेमका कुठल्या गावात गेला ते कळत नाही.

मला विचाराल तर त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावून काय हवंय ते विचारा. जुन्या साड्यांचे ढीग कुणालाच नको असतात (ते पाठवणं म्हणजे कपाट रिकामं करणं). जनावरांना कडबा लागतो, मुलांना वह्या.