वाचक विचारतात : कोविड होऊन गेला, आता बूस्टर घ्यायचा का?

प्रश्न : वय ६७, मधुमेह आहे. लसीचे दोन डोस झाले, त्यानंतरच्या बूस्टरलाही वर्ष उलटलं. पुढचा बूस्टर घ्यायचा त्याच आठवड्यात ताप आला, घरच्या किटवर चाचणी पॉझिटिव्ह. याला पाच आठवडे झाले. ही लागणच बूस्टरच्या जागी धरली तर चालेल का?

उत्तर : काही महिन्यांपुरती चालेल. लस घेतलेल्याला लागण झाली की अँटीबॉडी झपाट्याने वाढतात. शिवाय विषाणू नाकातून आत आल्यामुळे नाका-घशाच्या अस्तरातही थोडा बंदोबस्त होतो. दंडावरच्या इंजेक्शनने तो फारसा होत नाही. लस आणि लागण दोन्ही झालेल्यांना गंभीर आजारापासून मिळणारं संरक्षण नुसत्या लसीपेक्षा किंवा नुसत्या लागणीपेक्षा जास्त टिकतं.

त्यामुळे आज लगेच केंद्रावर धावायचं कारण नाही. घाईत घेतलेल्या डोसचा फायदाही कमीच होतो. रक्तात अँटीबॉडी भरलेल्या असताना लस टोचली, तर लसीतून येणाऱ्या स्पाइक प्रथिनाला (विषाणूच्या पृष्ठभागावरचे काटे याचेच असतात) त्या चिकटतात आणि त्याचा निकाल लावतात. अँटीबॉडी बनवणाऱ्या ज्या बी पेशींनी ते पाहून आठवणीत ठेवायचं, त्यांच्या वाट्याला थोडंच उरतं. लागणीनंतर लसिका ग्रंथींत या पेशींतल्या अधिक चांगल्या पेशींची निवड बराच काळ चालू असते, तिलाही वेळ मिळायला हवा.

म्हणून सर्वसाधारणपणे ३ महिने थांबायला हरकत नसते. हे महिने मोजायचे ते लक्षणं सुरू झाली त्या दिवसापासून. लक्षणं नसतील तर चाचणीच्या तारखेपासून. बरेच जण बरं वाटल्यापासून मोजतात, ते चूक. तुमच्या हिशेबात अजून साधारण आठ आठवडे आहेत. ही सवलत आहे, सक्ती नव्हे. साथ जोरात असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर पूर्ण बरे झाल्यावर डॉक्टर आधीही डोस देऊ शकतात.

तीन महिने झाल्यावर मात्र टाळू नका. अँटीबॉडी ओसरतात आणि विषाणूही बदलत राहतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये सापडलेल्या ओमिक्रॉन या प्रकाराच्या स्पाइकमध्ये ३०हून अधिक बदल होते, आणि आधी कोविड होऊन गेलेल्या अनेकांना त्याने पुन्हा गाठलं. शिवाय लागणीत विषाणू किती शिरला हे कुणी मोजलेलं नसतं. एकाला नुसती सर्दी होते, दुसऱ्याला न्यूमोनिया, आणि शरीराची तयारीही तशीच कमी-जास्त. वय आणि मधुमेह पाहता तुम्ही जोखमीच्या गटात येता. अशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२३ मध्ये शेवटच्या डोसनंतर ६ किंवा १२ महिन्यांनी आणखी एक बूस्टर सुचवला होता. जाताना लागणीची तारीख लिहून न्या, आणि उपलब्ध असेल तर नव्या प्रकारानुसार सुधारलेली लस मागा.

प्रश्न : वय ३१, कोणताही आजार नाही. दोन डोस आणि एक बूस्टर झालाय, गेल्या महिन्यात कोविडही झाला. अँटीबॉडी तपासल्या, आकडा भरपूर आला. आता बूस्टर नको ना?

उत्तर : नको म्हणालात तरी चालेल, पण त्या आकड्यामुळे नव्हे. किती अँटीबॉडी म्हणजे सुरक्षित, याची सर्वमान्य रेघ नाही. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असंही नाही. शिवाय तो आकडा आजचा, चार महिन्यांनी वेगळा असेल. खरं कारण तुमचं वय आणि तब्येत. वर सांगितलेल्या शिफारशीतच निरोगी तरुणांना पहिल्या बूस्टरनंतर नेहमीसाठी आणखी डोस सुचवलेले नाहीत. गर्भधारणा असेल, आरोग्यसेवेत काम असेल किंवा घरात केमोथेरपी घेणारं कुणी असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : बूस्टर घेतल्यावर चौथ्या दिवशी पॉझिटिव्ह आलो. डोस फुकट गेला का?

उत्तर : नाही, तो धरला जातो, पुन्हा घ्यायचा नाही. बूस्टरचा परिणाम दिसायला एक ते दोन आठवडे लागतात. बहुधा टोचून घेतानाच विषाणू अंगात होता, किंवा लगेच नंतर आला. लसीने कोविड झाला असं मात्र समजू नका.