फाटकावर मोज

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. गिऱ्हाईक कंपनीने शाश्वततेची प्रश्नावली पाठवलीय, त्यातलं स्त्री-पुरुष समानतेचं पान तुझ्या टेबलावर आलंय आणि मालक म्हणतात, "कंपनीच्या मस्टरवरच्या सहा मुली लिही आणि मोकळी हो." कोअर शॉपमधल्या, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे (कोअर) बनवणाऱ्या विभागातल्या, चाळीसेक बायका ठेकेदाराच्या, त्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, असं तुला सांगितलं गेलंय.

बसतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने १० मे २०२१ च्या परिपत्रकाने शाश्वततेचा अहवाल (बीआरएसआर) आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा झाला. त्यातला मनुष्यबळाचा तक्ता काढून बघ. कायम कामगार आणि कायम नसलेले कामगार, दोन्हींचे स्त्री-पुरुष आकडे वेगवेगळे मागितलेत. तुमची शिरोलीची फौंड्री (ओतकामाचा कारखाना) शेअर बाजारात नाही, तुम्हाला सक्ती नाही, हे मालकांचं खरं आहे. पण गिऱ्हाईक तुम्हाला विचारतंय ते त्याच धाटणीचं आहे. रकाना आहे. तो कोरा ठेवायचं कुणीतरी ठरवतं, आणि या वेळी ते तुझ्या हातून व्हावं अशी त्यांची इच्छा आहे.

म्हणून सांगते, फाटकावर मोज. कंपनीच्या पगारपत्रकावर मोजू नको. सकाळी फाटकातून जितक्या बायका आत येतात तितक्या तुमच्या.

आता पगाराचं बघ. मध्यक वेतन विचारलंय, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, आणि स्टाफ नि कामगार एकत्रच धरलेत असं तू लिहिलंस. तुमच्या सहा मुली अकाउंट्स, क्वालिटी, डिझाइनमधल्या, सगळ्या पदवी-डिप्लोमावाल्या. पुरुषांत मात्र फर्नेसपासून (भट्टी) फेटलिंगपर्यंत (ओतीव भाग घासून साफ करणं) सगळे. दोन्हीकडचे पगार चढत्या क्रमाने लावून मधला काढलास की बायकांचा आकडा वर येईल. म्हणजे कागदावर तुमच्याकडे बाईला पुरुषाहून जास्त पगार! एकही आकडा खोटा नाही आणि अख्खं पान खोटं. सेबीच्या नमुन्यात स्टाफ आणि कामगार वेगळे असतात. तिथे हीच लबाडी केली तर महिला कामगारांची ओळच रिकामी दिसते.

याच्या उलटही होईल, त्याची तयारी ठेव. महिलांची टक्केवारी कमी दिसतेय म्हटल्यावर हेच लोक म्हणतील, त्या चाळीस धरा की. संख्येत घेतील आणि पगारात गाळतील. तिथे अडून बस. जी बाई एका ओळीत मोजली ती प्रत्येक ओळीत मोजायची: पगारात, विम्यात, बाळंतपणाच्या रजेत, पाळणाघरात, तक्रारींत.

रजेच्या ओळीवर तुम्ही 'रजेनंतर कामावर परतल्या: १००%' लिहिणार, कारण क्वालिटीतली एक मुलगी रजेवर गेली आणि परत आली. कोअर शॉपमधली बाई रजेवर जात नाही, ती यायची बंद होते. मी टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या खात्यात, असताना (कंपनीचं नाव नको) कोअरला पेंट मारणारी एक बाई सातव्या महिन्यापर्यंत येत होती. कोअरच्या कडा कानशीने घासायच्या, ब्रशने कोटिंग द्यायचं, ट्रॉलीवर चढवायचं, सगळं उभ्याने. संडास ऑफिसच्या इमारतीत, म्हणून दिवसभर पाणी बेतानं प्यायची. एके दिवशी आली नाही आणि ठेकेदाराच्या वहीत 'काम सोडले' एवढंच आलं. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने थेट नेमलेली आणि मध्यस्थामार्फत आलेली असा फरक केला नव्हता. मी ते वर मांडलं, पुन्हा मांडलं. तिला काही मिळालं नाही. ती कुठल्या गावची हेसुद्धा मला नंतर कळू शकलं नाही, आणि ते अजून टोचतं. त्या वर्षापासून अहवालाचं काम माझ्याकडून काढून बाहेरच्या सल्लागाराला दिलं. मला हेकट म्हणाले. म्हणोत. त्या हेक्यात चूक काय होतं, हे मला आजवर कुणी दाखवलेलं नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारींच्या ओळीत शून्य लिहिण्याआधी कोअर शॉपमध्ये जाऊन विचार, तक्रार समितीवर कोण आहे माहीत आहे का? लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ठेकेदारामार्फत आलेली बाईही कर्मचारीच आहे. समितीचा बोर्ड रिसेप्शनला, आणि त्या बायका रिसेप्शनला कधी येतात?

तू विचारतेस, नोकरी सोडू का. कशाला? तू गेलीस तर त्या खुर्चीवर बसेल तो सहा लिहील आणि संध्याकाळी सुखाने घरी जाईल. आणि ८ मार्चचे फेटे बांधलेले फोटो अहवालात घालायचे का, हे मला विचारूसुद्धा नकोस. कंपनीची बस रोज कावळा नाक्यावर ताराराणींच्या पुतळ्यासमोरून जाते. त्यांचं नाव भाषणात घ्यायचं आणि त्याच बसमधली बाई मोजायची नाही, हे आपल्या गावाला शोभत नाही.

मालकांना ऑर्डरची भीती आहे, ती मी समजू शकते. त्यांना एवढंच सांग की गिऱ्हाइकाचा माणूस पाहणीला येईल तेव्हा कोअर शॉपमधूनच चालत जाणार आहे. चाळीस बायका डोळ्यांनी बघितल्यावर कागदावरच्या सहा त्याला कशा पटवणार? पगारातला फरक लिहिला तर पुढच्या वर्षी तो किती कमी केला हे सांगता येईल. लपवला तर दरवर्षी लपवावा लागेल.

सोमवारी मालकांच्या परवानगीने तीन कागद टेबलावर घे: मागच्या महिन्याचं गेट रजिस्टर, ठेकेदाराचं वेतनपत्रक आणि ईएसआयला (कामगार विमा योजना) भरलेल्या वर्गणीची यादी. नावाला नाव लावून बघ. जे नाव गेटवर आहे आणि यादीत नाही, त्यावर खूण कर आणि तिथूनच मला फोन लाव.

तुझी,
मावशी